ग्लुकोजची बाटली मागवताना

आमच्या लॅबमध्ये नवीन ट्रेनी आले की इंडेंट (सामान मागवायचा फॉर्म) भरताना एक प्रश्न ठरलेला, "ताई, ही सेल कल्चरवाली ग्लुकोजची छोटीशी बाटली एवढी महाग कशाला, कपाटात एआर ग्रेडची अर्धा किलोची पडलीये की, तिच्यावर पण ९९ टक्केच्या वर प्युरिटी लिहिलीये." प्रश्न रास्त आहे. सेल कल्चर म्हणजे शरीराबाहेर भांड्यात पेशी वाढवणं, आणि एआर म्हणजे रासायनिक तपासण्यांसाठीची नेहमीची ग्रेड. परचेसवालेही हेच विचारतात, फक्त जरा चिडून.

रेणू तोच असतो हो. मक्याच्या स्टार्चपासून एन्झाइम वापरून बनवतात आणि पाण्यातून क्रिस्टल करतात, कॉलेजात बेनेडिक्ट टेस्टला वापरलेलं ग्लुकोज आणि हे यात साखर म्हणून काहीच फरक नाही. पैसे जातात ते त्या उरलेल्या अर्ध्याएक टक्क्यात काय काय आहे हे कोणीतरी तपासून कागदावर लिहून दिलंय त्याचे. आणि तिथे सगळ्यात त्रासदायक पाहुणा म्हणजे एंडोटॉक्सिन, ग्रॅम निगेटिव्ह बॅक्टेरियाच्या बाहेरच्या भिंतीतला तुकडा, जो बॅक्टेरिया मेला तरी मागे राहतो. प्युरिटीच्या टक्क्यात तो दिसतही नाही कारण मात्रा नॅनोग्रॅममध्ये असते, पण मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) तेवढं पुरतं, लगेच टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन सोडायला लागतात आणि तुम्ही इकडे समजताय की आपल्या ड्रगचा इफेक्ट आला.

यावर ट्रेनींचं उत्तर तयार असतं, मग ऑटोक्लेव्ह करू की. नाही ना होत. ऑटोक्लेव्हमधल्या दाबाखालच्या वाफेत १२१ डिग्रीला बॅक्टेरिया मरतात, एंडोटॉक्सिन ढिम्म हलत नाही. काचेची भांडी आपण २५० डिग्रीला अर्धा तास कोरडी तापवून त्यातून मोकळी करतो, पण ग्लुकोज १५० च्या आतच वितळतं, म्हणजे तो रस्ता बंद. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरवरही भरवसा नाही, तो जिवंत बॅक्टेरिया अडवतो, हे तुकडे त्यातून आरामात जातात. थोडक्यात पावडरमध्ये आलं की आलं, म्हणून आधीच तपासलेली पावडर घ्यायची. ज्यांचं काम नुसतं ई. कोलाय वाढवायचं आहे त्यांनी खुशाल एआर ग्रेड वापरावं, तिथे हा खर्च मला तरी उधळपट्टी वाटते.

दुसरी गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे पाणी. ग्लुकोज दोन रूपांत मिळतं, ॲनहायड्रस म्हणजे बिनपाण्याचं, रेणूभार १८०.१६, आणि मोनोहायड्रेट म्हणजे दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू असलेलं, रेणूभार १९८.१७. लेबलवर डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचंच दुसरं नाव) असं मोठ्या अक्षरात असतं आणि मोनोहायड्रेट हे खाली बारीक. १८० चा हिशोब धरून मोनोहायड्रेट तोललं की ग्लुकोज ९ टक्क्यांनी कमी पडलं, आणि पुढचा सगळा प्रयोग त्याच चुकीवर उभा. आपल्या पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ॲनहायड्रसची बाटली जरा सैल बंद केली तरी पावडरचे खडे होतात, मग वजन कितीही काळजीने करा त्यात थोडं पाणीच तोलताय. पावसाळ्यात बाटली डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, फ्रिजमध्ये नको, थंड बाटली बाहेर काढून उघडली की दमट हवेतलं पाणी आतच जमतं.

आता मुळात वेगळी पावडर लागते कशाला, मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या तयार द्रवात, ग्लुकोज असतंच की. असतं, पण नेहमीच्या मीडियांत किती ते बघा. लो ग्लुकोज डीएमईएममध्ये लिटरला १ ग्रॅम, आरपीएमआय १६४० मध्ये २ ग्रॅम आणि हाय ग्लुकोज डीएमईएममध्ये ४.५ ग्रॅम. ४.५ ग्रॅम म्हणजे २५ मिलिमोलर, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टच्या भाषेत ४५०! एवढी शुगर आली तर घरचे थेट ॲडमिट करतील, आणि आपण पेशींना रोज तेच पाजून त्याला नॉर्मल कंट्रोल म्हणतो. डायबेटीसवर काम करणाऱ्यांनी म्हणूनच ५.५ मिलिमोलरपासून सुरू करावं आणि वरचं स्वतः घालावं. आणि सोबत मॅनिटॉलचा (पेशी सहसा वापरत नाहीत अशा साखरेसारख्या पदार्थाचा) कंट्रोल ठेवाच, कारण नुसतं ऑस्मोलॅरिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, वाढल्यानेही पेशी बिथरतात आणि दोष ग्लुकोजवर जातो.

स्टॉक, म्हणजे नंतर थोडं थोडं वापरायचं घट्ट द्रावण, आम्ही ४५ टक्क्यांचा करतो, १०० एमएलला ४५ ग्रॅम, बरोब्बर २.५ मोलर. पाणी एकदम १०० एमएल घेऊ नका, विरघळल्यावर व्हॉल्यूम चांगलाच वाढतो, ६० च्या आसपास घ्या आणि शेवटी १०० करा. पावडर पडली की बीकर हाताला चक्क गार लागतो, विरघळताना ग्लुकोज उष्णता ओढून घेतं, घाबरू नका, ढवळत राहा, जरा वेळ लागतो. मग फिल्टर करून छोट्या ट्यूब्जमध्ये भरा. लिटरभर लो ग्लुकोज मीडिया हाय करायला यातलं साधारण ७.८ एमएल पुरतं. तयार मीडियात ग्लुकोज घालून ऑटोक्लेव्हला लावायचा मोह मात्र नको, अमिनो ॲसिड आणि साखर एकत्र तापली की पाक करपल्यासारखा रंग येतो आणि त्यात जे तयार होतं ते पेशींना मानवत नाही.

इंडेंटमध्ये नुसतं "ग्लुकोज" लिहिलंत तर कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त तेच येणार, त्यात परचेसवाल्यांचा दोष नाही. "डी-ग्लुकोज, ॲनहायड्रस, सेल कल्चर टेस्टेड, लॉटच्या सीओएवर एंडोटॉक्सिनचा मोजलेला आकडा हवा" असं पूर्ण लिहा (सीओए म्हणजे त्या लॉटच्या तपासणीचा दाखला) आणि १०० ग्रॅमचीच मागवा, किलोची दिसायला परवडते पण पावसाळा तिलाही काढायचाय.