हार्नेसचं आखूड टोक : सॅक्सच्या पट्ट्याच्या सहा आठवड्यांच्या नोंदी

आठवडा १ : टेप आधी, हार्नेस नंतर

सॅक्सोफोन अंगावर पेलायचा खांद्यांचा पट्टा म्हणजे हार्नेस. कुठला हार्नेस घ्यावा या गप्पांत गादी किती जाड आणि खांद्याला किती मऊ यावरच सगळा वेळ जातो. सॅक्स ज्यात अडकतो तो हुक किती वर येतो हे कुणी विचारत नाही. हौसेने आणलेला हार्नेस पुढे खुंटीला लटकून राहतो, तो बहुधा याच कारणाने. पट्टा पूर्ण आखडूनही हुक बरगड्यांच्या खालीच राहिला तर माउथपीस ओठांकडे येत नाही, ओठ माउथपीसकडे जातात. मान वाकते, हनुवटी छातीकडे येते, घसा आवळतो. मग वरच्या सुरांना आवाज बारीक झाला की दोष रीडला, म्हणजे माउथपीसवरच्या वेताच्या पातीला.

मापाची रीत अशी. पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून सरळ उभं राहायचं. दुसऱ्याने सॅक्स उचलून माउथपीस तोंडापाशी आणायचा. तोंड जागचं हलवायचं नाही. मग गळ्याखालच्या खळीपासून सॅक्सच्या पाठीवरच्या कडीपर्यंत शिंप्याच्या टेपने अंतर घ्यायचं. पुढ्यात धरून वाजवणाऱ्याने पुढ्यात मोजावं, उजव्या मांडीच्या बाजूला धरणाऱ्याने बाजूला. दोन्ही मापं वेगळी येतात. आल्टोचं, म्हणजे लहान सॅक्सचं, माप मोठ्या टेनरपेक्षा कमी भरतं, कारण त्याची कडी माउथपीसच्या जवळ असते. उंचीने कमी असलेल्या आल्टोवादकाची पंचाईत होते ती इथेच.

हार्नेस अंगात घालून, हुकाला वजन लावून, या मापापेक्षा आणखी तीन सेंटिमीटर तरी आखडता आला पाहिजे. वजन लावूनच मोजायचं. निओप्रीन (ताणणारं रबरी कापड) रिकामं असताना एक माप दाखवतं आणि टेनर लटकला की खाली उतरतं. मोठ्या, मध्यम आणि मुलांच्या मापाचे हार्नेस वेगळे मिळतात, तेव्हा ‘सगळ्यांना बसतो’ या शब्दावर भिस्त ठेवू नये.

आठवडा २ : भार कुठे उतरतो

आल्टो अडीच किलोच्या आसपास, टेनर सव्वातीन ते साडेतीन किलो. बॅरिटोन पाच किलोच्या पुढे. तो गळ्यातल्या पट्ट्यावर तासभर तोलणं म्हणजे सरळ हमाली. गळ्यातल्या पट्ट्यात हा सगळा भार मानेच्या मागच्या उंचवट्यावर येतो. पट्टा रुंद केला की टोचणं कमी होतं, भार तेवढाच राहतो. अर्ध्या तासाच्या रियाजाला आल्टोवर रुंद पट्टा चालतो, त्यासाठी हार्नेस घ्यायचा अट्टहास नको. टेनरला मात्र घ्यावाच.

मऊ हार्नेस म्हणजे दोन्ही खांद्यांभोवती काखेतून जाणारे दोन फास, पाठीवर एकमेकांना जोडलेले आणि पुढे हुकाच्या दोरीत मिळालेले. यात सगळं गणित पाठीवरच्या जोडाच्या उंचीचं. जोड वर असेल तर दोन्ही फास आत सरकून मानेला भिडतात आणि पैसे हार्नेसचे देऊन हाती गळ्यातला पट्टाच येतो. जोड फार खाली असेल तर फास खांद्याच्या कडेवरून घसरतात. मानेखालच्या मोठ्या मणक्यापासून साधारण वीतभर खाली, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध तो बसला की भार खांद्याच्या मांसल भागावर पडतो. जोड पक्का शिवलेला न घेता सरकणारा घ्यावा. फास काखेत घट्ट असतील तर वीसेक मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. तेव्हा वाजवणं थांबवून फास सैल करायचे. तरीही मुंग्या टिकल्या तर डॉक्टरांना दाखवायचं. गादी बदलून तो प्रश्न सुटत नाही.

पुढच्या बाजूला दोन्ही पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एकत्र येतात. हा व्ही अरुंद असेल तर पट्ट्या गळ्याच्या दोन्ही अंगांना घासतात. मध्ये आडवी पट्टी असलेले हार्नेस तो कोन उघडा ठेवतात. स्त्रियांच्या बाबतीत पट्ट्या छातीवर कुठून जातात हा वेगळाच मुद्दा. बीजी ही फ्रेंच कंपनी पुरुष, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी वेगळे हार्नेस करते, ते उगाच नाही.

ताठ आधाराचा प्रकार वेगळा. जॅझलॅबच्या सॅक्सहोल्डरमध्ये खांद्यांवर दोन वाकलेले दांडे बसतात आणि पोटावर एक आधार टेकतो. मानेला काहीच लागत नाही, घालायला-काढायला क्षणभर पुरतो. उभं राहून वाजवायला छान. पण पोटाने श्वास घेणाऱ्याला तो आधार दर श्वासाला जाणवतो, आणि खाली वाकलं की दांडे खांद्यावरून उचलले जातात.

मांडी घालून बैठकीत वाजवणाऱ्यांसाठी मऊ हार्नेसच बरा. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) कर्नाटक संगीत मंचावर मांडी घालून वाजवत, तशी बैठक असेल तर मापही बसूनच घ्यावं. बसल्यावर सॅक्सचा खालचा वाकलेला भाग जमिनीवर किंवा मांडीवर टेकतो, भार पट्ट्यावरून निघून जातो आणि उभ्याचं माप ढिलं पडतं. टेकू मिळाला म्हणून पट्टा तसाच ढिला सोडला तर उठताना सॅक्स झटक्याने खाली येतो.

आठवडा ३ : हात सोडून बघणे

उंची बरोबर आहे का हे तपासायची एकच खात्रीची रीत आहे. खाली गादी अंथरून सॅक्स हुकाला अडकवायचा आणि दोन्ही हात किल्ल्यांपासून (बोटांनी दाबायच्या कळांपासून) दोन बोटं लांब धरायचे. डोकं सरळ ठेवून माउथपीसचं टोक कुठे येतं ते बघायचं. खालच्या ओठाच्या उंचीला आलं तर ठीक. हनुवटीला लागलं तर पट्टा वर घ्यायचा, नाकाकडे गेलं तर खाली सोडायचा. एका वेळी एकच सेंटिमीटर; एकदम तीन सेंटिमीटर हलवलं की कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

उजव्या अंगठ्याखालचा हुक सॅक्स स्थिर धरण्यासाठी आणि किंचित पुढे ढकलण्यासाठी असतो, उचलण्यासाठी नाही. तासाभराच्या रियाजानंतर अंगठ्याच्या पेरावर लाल खूण उमटत असेल तर पट्टा लांब आहे. माउथपीसवरच्या रबरी चकतीवर वरच्या दातांचा खड्डा भरभर खोल होत असेल तरी दुखणं तेच. जमलेली उंची सापडली की तिथे दोरीवर पक्क्या रंगाच्या मार्करने रेघ मारून ठेवावी. आल्टो आणि टेनर दोन्ही वाजवणाऱ्याने दोन रंग वापरावेत.

आठवडा ४ : हुक, कडी आणि पाण्याचा कॅन

आराम एकीकडे, सॅक्स जमिनीवर न पडणं दुसरीकडे. या दुसऱ्या गोष्टीची जबाबदारी अंगठ्याएवढ्या हुकावर असते.

उघडा हुक झटपट लागतो, पण सॅक्स वर उचलला किंवा बसताना मांडीवर टेकला की कडी गुपचूप निसटते. बंद होणारा स्प्रिंगचा हुक घ्यावा. त्याची जीभ सॅक्सच्या अंगाच्या विरुद्ध बाजूला राहील असा लावावा, नाहीतर कडी फिरून जिभेलाच ढकलते. लावल्यावर ‘टक’ असा आवाज आला पाहिजे आणि घामेजल्या बोटांनीही जीभ पूर्ण मिटली पाहिजे. नुसत्या प्लास्टिकचा हुक हलका असतो, लाकर (सॅक्सवरचा चकचकीत थर) ओरखडत नाही, पण जुना झाला की कुठलीही सूचना न देता मोडतो. वाकणीपाशी पांढरट रेघ दिसली की फेकून द्यावा. नुसत्या पोलादाचा हुक मोडत नाही, पण पितळी कडीला आतून खात जातो. प्लास्टिकचं आवरण असलेला धातूचा हुक हा त्यातला शहाणा मधला मार्ग. घेताना कडीत घालून पाहावा, कारण जुन्या सॅक्सच्या लहान कडीत जाड हुक जातच नाही.

कडीच्या आतल्या बाजूला नख फिरवावं. खोबण लागली तर हुक बदलायची वेळ झाली. खोबण खोल असेल तर कडीच दुरुस्त करावी लागेल. नाशिकच्या भांडी बाजारात पितळेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, तिथे डाग देऊन घ्यावा असं कुणाच्याही मनात येईल. तो मोह टाळावा. हंड्याला लागते तेवढी आच सॅक्सला लावली तर लाकर काळवंडतं, शेजारचे झाळलेले खांब सुटतात, किल्ल्यांखाली लाखेने बसवलेले पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) सरकतात. हे काम वाद्यदुरुस्ती करणाऱ्याचंच.

आता कॅन. पाच लिटरचा पाण्याचा कॅन काठोकाठ भरला की पाच किलोच्या वर जातो, म्हणजे टेनरच्या साधारण दीडपट. हार्नेस दाराच्या मजबूत कडीला अडकवायचा, हुकाला कॅन लावायचा, दोरीवर मार्करची रेघ मारायची आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी रेघ अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली असेल तर दोरीची लांबी धरून ठेवणारा अ‍ॅडजस्टर पकड सोडतोय. दुसरी फेरी दोरी ओली करून घ्यायची, कारण कोरड्या दोरीवर घट्ट बसणारा अ‍ॅडजस्टर घामात सरकू शकतो. शेवटी कॅन चार बोटं उचलून दहा वेळा सोडायचा, खाली उशी ठेवून. या झटक्यांत शिलाई बोलते.

शिलाईबद्दल एवढंच : भार पेलणाऱ्या प्रत्येक जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी. एकेरी सरळ टीप एका टोकाने उसवायला लागली की थांबत नाही. बॅग दुरुस्तीवाल्याकडे जाड नायलॉनच्या दोऱ्याने अशी टीप घालून घेता येते. सुती दोरा नको, घामाने कुजतो.

आठवडा ५ : मिरवणुकीची चाल

घरात उत्तम वाटलेला निओप्रीनचा हार्नेस चालताना उघडा पडतो. तो ताणतो म्हणून सॅक्स हलका वाटतो आणि त्याच कारणाने दर पावलाला खालीवर होतो. उभ्या रियाजात हे कळत नाही; वरातीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत माउथपीस दातांवर आपटतो, सूर हेलकावतो. नाशिकमध्ये वाकडी बारवेपासून निघून रविवार कारंजावरून गोदाघाटाकडे सरकणाऱ्या मिरवणुकीत तास न्‌ तास उभं राहायचं असेल तर न ताणणारी नायलॉनची पट्टी आणि खांद्यापुरती गादी असा हार्नेस घ्यावा. दुरून उगाच कडक दिसतो, पण ओठ स्थिर राहतात.

बँडच्या गणवेशावर खांद्याला बटणाची पट्टी किंवा झालर असते. ती गादीखाली आली की नेमकं तिथेच टोचतं, आणि गुळगुळीत कापडावरून फास घसरतात तो ताप वेगळा. माप गणवेश घालूनच घ्यावं. कोटाच्या आतून हार्नेस घालायचा असेल तर पातळ गादीचा घ्यावा. बटणांमधून फक्त हुकाची दोरी बाहेर काढावी.

गर्दीत गळ्यात सॅक्स असताना एक हात कायम सॅक्सच्या अंगावर ठेवावा. हुक कितीही चांगला असला तरी मागून धक्का देणाऱ्याला ते माहीत नसतं.

आठवडा ६ : घाम आणि पावसाळा

एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात निओप्रीनखालून वारा फिरत नाही, अंगरखा ओलाचिंब होतो. आतून जाळीचं अस्तर असलेली गादी त्या मानाने सुसह्य. वाळलेल्या घामाचं मीठ पट्टीला कडक करतं आणि अ‍ॅडजस्टरचे दात बुजवतं. आठवड्याला एकदा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हाताने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत पसरून वाळवायचा. उन्हात निओप्रीन तडकतं. हुकाच्या स्प्रिंगला धुतल्यावर कोरड्या कापडाने पुसून तेलाचा एक थेंब, आणि जास्तीचं तेल लगेच टिपून घ्यायचं. ते पॅडवर गेलं तर पॅड चिकटतात.

चामड्याचे पट्टे देखणे असतात, ताणत नाहीत, अंगाला वळण घेतात. पावसाळ्यात बंद पेटीत ठेवले की मात्र आठवडाभरात हिरवट बुरशी धरतात. पेटीत सॅक्सच्या अंगावर हार्नेस गुंडाळून ठेवू नये. ओला पट्टा आणि लाकर यांचं जमत नाही, शिवाय हुक किल्ल्यांवर दाबला जाऊन त्या वाकतात. वेगळी कापडी पिशवी पुरते.

पुढच्या नोंदीसाठी काम ठरलं आहे : कडीची जाडी व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या पट्टीने) मोजून आज लिहून ठेवायची आणि धातूच्या व आवरणाच्या हुकावर प्रत्येकी तीन महिने वाजवून पुन्हा मोजायची. माप दर वेळी कडीच्या त्याच जागी घ्यायचं, हुक जिथे टेकतो तिथे, बरोबर वर मधोमध.