फडके रोडवरचा पाडवा

1999 साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. पुढे ठाणे, गिरगाव करत ही प्रथा गावोगाव पोचली. तिची सुरुवात आमच्याकडे झाली याचा प्रत्येक डोंबिवलीकराला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण यात्रा म्हटलं की मला पालखीच्याही आधी दुकानं आठवतात.

आमच्या मंडळाचा चित्ररथ दुकानांच्या जिवावरच उभा राहायचा. टेंपो लाकडाच्या वखारीतला. आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्यातून फळ्या वाहिल्या जात आणि संध्याकाळी झाडून-पुसून तो आमच्या ताब्यात येई. पुठ्ठे, घोटीव कागद, डिंक हे सगळं स्टेशनरीवाल्या काकांकडून उधारीवर. मावळ्यांचे अंगरखे आणि जिजाऊंचं नऊवारी शिवायला गल्लीतल्या शिवणवाल्या काकू. त्यांच्याकडे लग्नसराईचे ब्लाउज साठलेले असायचे, तरी चित्ररथाचे कपडे आधी. इस्त्रीवाले भय्या फेटे करकरीत करून द्यायचे आणि पैसे पुढे केले की हात जोडायचे. पोळी-भाजी केंद्राचा तर मोठाच आधार. एरवी संध्याकाळी लोकलमधून उतरलेल्या बायका, माझी आईही त्यातच, तिथून मोजून पोळ्या घेऊन घर गाठायच्या. पाडव्याच्या आदल्या रात्री मात्र तिथली शेगडी आमच्यासाठी उशिरापर्यंत पेटलेली असे. खळ लागलेल्या हातांनी खाल्लेल्या त्या थालीपिठाची चव मला पुन्हा कुठेही मिळालेली नाही.

सकाळी ढोल-ताशा ऐकू आला की हीच मंडळी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची. आमचा रथ आला की वखारवाले आपला टेंपो बघायचे, काकू आपली शिवण. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे असलेले लोक नुसते बघे नव्हते, त्या रथात त्यांचं काहीतरी होतं. यात्रा मोठी झाली ती यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

दिवाळीच्या पहिल्या दिवसाचं फडके रोडशी नातं वेगळं. अभ्यंगस्नान, फराळ, गणपतीचं दर्शन आणि मग नवे कपडे घालून रस्त्यावर. कोणी कोणाला वेळ कळवायची नाही. मोबाइल नव्हते तेव्हाही अख्खा वर्ग तिथे भेटायचा. दहावीनंतर पांगलेल्या मैत्रिणी वर्षातून एकदा हमखास दिसायच्या त्या तिथेच, हातात नुकताच घेतलेला दिवाळी अंक.

आता वखार नाही, तिथे सात मजले आहेत. स्टेशनरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. वाडे गेले, चाळी पुनर्विकासात गेल्या, आणि भाड्याच्या गाळ्यात धंदा करणारे बरेच जण रेल्वेच्या रुळांबरोबर बदलापूर-टिटवाळ्याकडे सरकले. 2020 साली टाळेबंदीत पाडव्याचा रस्ता मोकळा राहिला, तेव्हा वाटलं होतं की मोडलेली घडी आता बसायची नाही. पण बसली. यात्रा पुन्हा निघते, चौकात संस्कारभारतीची रांगोळी पडते, मुली नऊवारी नेसून, गॉगल लावून बुलेटवर येतात. चित्ररथाचं सामान ऑनलाइन मागवतात, टेंपो भाड्याने घेतात. छान दिसतो रथ. फक्त रस्त्याच्या कडेला तो आपला म्हणून ओळखणारी माणसं कमी झाली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

शिवणवाल्या काकू बदलापूरला राहतात. पाडव्याला मात्र पहाटेची लोकल पकडून येतात, पिशवीत सुई-दोरा आणि सेफ्टी पिनांचं पाकीट. गेल्या पाडव्याला आप्पा दातार चौकात माझ्या भाचीचा काष्टा सुटला, तो त्यांनी गर्दीतच आडोसा करून घट्ट बसवून दिला. वर तिला दटावलं, "पुढच्या वर्षी विकतचं नऊवारी आणू नकोस. होळीला माप पाठव, मी शिवते."