तुम्ही विचारलंत म्हणून: टोकियोत शाकाहारी मिळतं का?

टोकियोतल्या निशी-कासाईत राहते म्हटलं की पहिला प्रश्न हाच. व्हिसाच्या आधी, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. मावशीच्या जावेपासून नवऱ्याच्या शाळेतल्या मित्रापर्यंत सगळ्यांना हो किंवा नाही, एवढंच ऐकायचं असतं. मी जरा लांबण लावली की त्यांना वाटतं, आपण घरी उतरू म्हणून ही घाबरली. घाबरले नाही हो. एकदाच नीट सांगते.

आधी बाकीचं उरकते. ई-व्हिसा एप्रिल २०२४ पासून भारतीयांनाही मिळतो, पण विमानतळावर तो फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो. प्रिंटआउट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा नेटची सोय करूनच निघा. आठवड्याचा जेआर पास, म्हणजे रेल्वेचा पास, २९,६५० येनांचा होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० झाला. टोकियो, क्योतो, ओसाका करून परत येणाऱ्याचा तो वसूल होत नाही, सुटी तिकिटं काढा. चिपच्या टंचाईमुळे बंद पडलेली सुइका कार्डाची, म्हणजे ट्रेन-बसच्या प्रीपेड कार्डाची, विक्री मार्च २०२५ पासून पुन्हा सुरू आहे. आणि हापूस आणू नका. भारतातला आंबा २००६ पासून इथे येतो, पण प्रक्रिया होऊन, प्रमाणपत्रासकट. तुमच्या बॅगेतला विमानतळावरच काढून घेतील.

आता जेवण. मिळतं. निशी-कासाईत डोसा आहे, थाळी आहे, तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सगळं ठेवणारी दुकानं आहेत. टोकियो स्टेशनात, गेटच्या आत, ‘टीज तानतान’मध्ये मांस-मासे-अंडं-दूध काहीच नसलेलं रामेन, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, मिळतं. ताकाओ डोंगरावरच्या याकुओ-इन मंदिरात आधी सांगून ठेवलं तर शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्खूंचं जेवण मिळतं. पण टोकियोला येऊन रोज डोसा खायला कोण तयार होतं? सगळ्यांना ‘तिथलं काहीतरी, पण व्हेज’ हवं असतं, आणि तिथेच माझं डोकं उठतं.

कारण अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. वाळवलेल्या कात्सुओ माशाचा कीस गरम पाण्यात टाकून गाळलेलं ते पाणी. आपल्याकडे फोडणी असते तशी ती गृहीतच धरलेली. मिसो सूपमध्ये, उदोनच्या, म्हणजे जाड नूडल्सच्या, रश्श्यात, उकडलेल्या पालकावरसुद्धा. ‘मासे नाहीत’ म्हणणारा वेटर खोटं बोलत नाही, त्याच्या लेखी तुकडा नाही म्हणजे मासा नाही. ॲलर्जीचा तक्ता मागूनही उपयोग नाही, त्यात कोळंबी, खेकडा, अंडं असतं, कात्सुओ नसतो. ‘पण बुद्धाचा देश ना?’ हो ना. सम्राट तेन्मूने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली. त्या यादीत मासा नव्हताच.

माझे सासरे, अण्णा, सासवडचे. माळकरी. जानेवारीत आले होते. असाकुसाला सेन्सोजीचं दर्शन झालं, संध्याकाळ झाली, वारा बोचायला लागला, आणि अण्णा म्हणाले, “बाई, आता कुठंतरी गरम खाऊ.” गल्लीत सोबाचं, म्हणजे कुट्टूच्या नूडल्सचं, एक छोटं दुकान दिसलं. बसलो, गरम चहा आला, अण्णांनी पेल्याभोवती हात धरले. मी विचारायला सुरुवात केली. रश्श्यात कात्सुओ? आहे. मग रस्सा नको, भाज्यांचा टेम्पुरा? तेल कोळंबी तळलेलंच. बरं, नुसत्या उकडलेल्या सोबा आणि मीठ? मुलीने आत जाऊन मालकांना बोलावलं. सत्तरीचे असतील. डोक्याचा पंचा काढून हातात घेतला आणि विचारलं, हे आवडीनिवडीचं आहे की धर्माचं? मी म्हटलं, धर्माचं. ते म्हणाले, बदकाच्या सोबाही इथेच होतात, पातेली-चिमटे तेच, मला खात्री देता येणार नाही, माफ करा. आणि कमरेत वाकले. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

अण्णांना जपानी येत नाही, पण उठायला सांगितलेलं कुठल्याही भाषेत कळतं. चहा तसाच ठेवून ते बाहेर गेले. मी मागून समजावत होते, की तो माणूस तुमच्या माळेचा मान राखत होता, दुसरा कोणी असता तर मुकाट्याने वाढून मोकळा झाला असता. अण्णा म्हणाले, “असंल. पण उठवलं ना.” रात्री कोन्बिनीतले, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातले, मिठाचे भाताचे मुटके, केळी आणि आईंनी आणलेल्या दशम्या.

झोपताना नवरा म्हणाला, “एवढं खोदून विचारायचं काय अडलं होतं? अण्णा गरम चार घास जेवले असते.”

हे वाक्य मला अजून टोचतं. नवीन आले तेव्हाची मी त्याच्याच बाजूने बोलले असते. मीही शाकाहारीच, पण तेव्हा भाज्यांचे उदोन बिनधास्त खायचे, आलेल्या पाहुण्यांना खाऊ घालायचे आणि “हो, व्हेजच आहे” म्हणायचे. सगळे खूश होऊन परत गेले. त्यांच्यात माळकरी कोणी नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. पण जैन एक कुटुंब होतं. त्यांना आज फोन करून सांगायचं का? नवरा म्हणतो, वेडी आहेस का. त्याचं बरोबर असेल. आणि तरी अण्णांच्या पुढ्यात तो रस्सा ठेवून गप्प बसणं मला जमलं नसतं, हेही खरं. सासवडला अजून सांगितलं जातं, की जपानात आपल्या माणसाला हॉटेलातून उठवतात. मी आता ते खोडायला जात नाही.

तेव्हा या, जरूर या. मार्चअखेर या, उएनोत साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, बघा. फक्त तिकीट काढायच्या आधी घरात बसून एक ठरवा: तुकडा नको, की रस्साही नको? रस्सा चालत असेल तर टोकियो तुमचंच आहे. चालत नसेल तर दुपारचा डबा मी बांधून देईन, मेथीचे ठेपले-दशम्या काय हवं ते. मात्र दुकानात बसल्यावर माझ्याकडे बघून “तूच बघ गं काय ते” म्हणू नका.