*क्विक्वझ : मधला दुसरा ‘क’ आला कुठून?

प्रोटो-जर्मेनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंची लिखित पुरावा नसलेली पूर्वज भाषा; तिच्या विशेषणांच्या वहीत सध्या *क्विक्वझ चालू आहे (तारका म्हणजे रूप तर्काने बांधलेलं). अर्थ ‘जिवंत’. जुन्या इंग्रजीत क्विक, जुन्या नॉर्समध्ये क्विक्र. आजच्या इंग्रजीतला ‘क्विक’ तोच: आधी जिवंत, मग चपळ, मग झटपट. पाऱ्याच्या ‘क्विकसिल्व्हर’ या नावात मूळचा अर्थ अजून टिकून आहे.

पहिलं अक्षर लगेच सुटलं. त्याहून जुनं, संस्कृत-लॅटिनचंही मूळ असलेलं इंडो-युरोपीय रूप साधारण *ग्विह्वोस. जर्मेनिकमधले व्यंजनबदल सांगणाऱ्या ग्रिमच्या नियमाने ग्वचा क्व झाला. संस्कृतात त्याच ग्वचा पुढच्या इकारामुळे ज झाला, म्हणून ‘जीव’. लॅटिन वीवुस आणि लिथुएनियन गीवस ही त्याची सख्खी भावंडं.

खरी मजा दुसऱ्या क्वमध्ये आहे. जीव, वीवुस, गीवस, कुणाच्याच पोटात क नाही. भाषाशास्त्रज्ञ वॉरन काउगिल यांच्या नियमानुसार मधल्या ‘ह्’चा, म्हणजे लॅरिंजियलचा (मूळ भाषेत मानलेला, पुढे बहुतेक ठिकाणी लोपलेला घशातला ध्वनी), जर्मेनिकमध्ये वच्या आधी क झाला. संस्कृतात तोच ध्वनी आधीचा स्वर दीर्घ करून नाहीसा झाला. ‘जीव’मधली दीर्घ ई ही त्याची खूण. किती सुंदर आहे हे!

पण गॉथिक ही जुनी जर्मेनिक भाषा आडवी येते. चौथ्या शतकातल्या वुल्फिलाच्या गॉथिक बायबल-भाषांतरात ‘क्विउस’, अनेकवचन ‘क्विवाइ’. दुसरा क नाहीच. त्यामुळे काही जण म्हणतात, तो क पहिल्या क्वच्या प्रभावाने नंतर आला. मला हे पटत नाही. याच नियमाचं दुसरं उदाहरण म्हणून ‘आम्हा दोघांना’ या सर्वनामाकडे बघा: जुनी इंग्रजी उंक, गॉथिक उंकिस. इथे गॉथिकमध्येही क आहे आणि प्रभाव पाडायला आधी क्व नाही. माझा कौल असा, की एकाच शब्दात दोन क्व नकोत म्हणून गॉथिकने दुसरा गाळला.

आणखी एक साक्षीदार हाती लागलाय, तोही घरचा. नवऱ्याच्या भावाला जुन्या इंग्रजीत ‘टाकोर’, जुन्या जर्मनमध्ये ‘त्साइखुर’. संस्कृतात देवृ, मराठीत दीर. पुन्हा वच्या जागी क! मात्र इथला लॅरिंजियल वेगळ्या जातीचा मानतात, त्यामुळे काउगिलचा नियम इतका ताणायचा का यावर मतभेद आहेत.

आता *क्विक्वझमधला र्‍हस्व इकार बघायचाय. ‘पुरुष’ या अर्थाच्या शब्दात संस्कृत वीर दीर्घ, पण लॅटिन विर आणि जुनी इंग्रजी वेर र्‍हस्व. *क्विक्वझ त्याच रांगेत बसतो. वीवुस मात्र लॅटिन असूनही दीर्घच. विर आणि वीवुस शेजारी मांडून पुढची नोंद तिथून सुरू करणार.