तुम्हाला तर येते वाचता

आज दुपारी जे ऐकले ते इतके क्षुल्लक आहे की कोणाला सांगायलाही संकोच वाटावा. तरीही गच्चीवर पाणी मारून झाले, जेवणे झाली, दिवे मालवले, तरी ते डोक्यातून जाईना, म्हणून ही वही उघडली आहे. खालच्या खोलीत कूलरसमोर बसून माझा नातू ओजस चिनूला गोष्ट वाचून दाखवत होता. मोठ्याने, ओळीखाली बोट ठेवून, जोडाक्षराशी थांबत, मागे जात, पुन्हा पुढे सरकत. हाच मुलगा माझ्यासमोर पुस्तक उघडले की त्याला तहान लागते, मग पाय खाजतो, मग कोणीतरी बोलावल्याचा भास होतो. मी दारातूनच विचारले, "मला का रे नाही वाचून दाखवत?" त्याने बोट न उचलता उत्तर दिले, "तिला येत नाही नं वाचता. तुम्हाला तर येते." आणि गोष्टीतल्या विहिरीच्या काठावरून पुढे गेला.

यात वाईट वाटण्यासारखे काय आहे, हे मी संध्याकाळपासून शोधतो आहे. मुलगा वाचतो आहे, तेही भर मे महिन्यात, कोणी न सांगता. सुट्टी लागण्यापूर्वी मला याहून अधिक काय हवे होते? पण मनात जे आहे ते समाधान नव्हे.

आपल्या विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी ही पुण्या-मुंबईच्या सुट्टीपेक्षा लांब असते. तिकडे जूनच्या मध्यावर घंटा वाजते, इकडे शाळा उघडायला जूनचा शेवटचा आठवडा येतो. आणि सकाळी अकरापासून ऊन उतरेपर्यंत मुलांना उंबऱ्याबाहेर सोडण्याची सोय नाही. म्हणजे दुपारच्या दुपारी हातात असतात. त्या हिशेबाने मी तयारी केली होती. सीताबर्डीच्या वाचनालयातून पुस्तके आणली. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. त्यांतल्या निवडक गोष्टी मोठ्या अक्षरांत छापून आणल्या. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सुट्टी आहे हो त्याची." त्यावर मी काही बोललो नाही. या घरात दुपारी वाचून दाखवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्याविषयी आज लिहायला नको.

माझी धास्ती अगदीच मनाची नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एकोणचाळीस अभ्यास एकत्र तपासले होते. अमेरिकेतील लांब सुट्टीनंतर मुले सरासरीने सुमारे महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडतात, गणितात ही घसरण वाचनापेक्षा जास्त असते, आणि वाचनात खाऊन-पिऊन सुखी घरातली मुले तग धरतात तर गरिबाघरची मागे राहतात, असे त्यांना दिसले. पुढे या मोजमापावर शंकाही घेतल्या गेल्या, परंतु आजोबा मंडळींना शंका सोयीच्या नसतात. गणिताची मला चिंता नाही; कूलरच्या टाकीत किती बादल्या मावतात आणि सकाळपर्यंत त्यांतल्या किती उडून जातात, हा हिशेब ओजसने भिंतीवर खडूने मांडला आहे आणि तो पुसण्याची कोणाची प्राज्ञा नाही. चिंता वाचनाची होती, आणि ती मी दूर करणार होतो. मी. हा 'मी' आज दुपारी दुखावला असावा.

आता आठवते की हे आजचेच नाही. नागपूरच्या अजब बंगल्यात गेलो तेव्हाही हेच झाले होते. १८६३ पासूनचे संग्रहालय, सकाळची वेळ, गर्दी नाही. पक्ष्यांच्या दालनात मी ओजसला म्हटले, फलकावर काय लिहिले आहे ते वाच पाहू. त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी चष्मा घरी विसरून आलो आहे. दोन पावलांवर चिनूने "हा कोण आहे?" असे विचारताच मात्र हे महाशय टाचा उंचावून काचेला नाक लावून उभे राहिले आणि नाव, रंग, राहण्याचे ठिकाण असे सगळे वाचून काढले. तेव्हा मला गंमत वाटली होती. आज तेच शब्दांत ऐकले, म्हणून लागले की काय, कोण जाणे.

त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे, हीच पंचाईत आहे. ज्याला वाचता येते त्याला वाचून दाखवणे म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा सुट्टीत नसते. चिनूला वाचून दाखवणे हे मात्र काम आहे. त्यावाचून तिचे अडते. दुपारी मी दाराआड थोडा वेळ उभा राहिलो. पान संपले की तो पुस्तक उलटे करून चित्र चारी दिशांना फिरवतो आणि बाईंच्या आवाजात विचारतो, "सगळ्यांना दिसले?" समोर श्रोता एकच, तोही जांभया देणारा. तिने विचारले, विहीर म्हणजे काय? तो क्षणभर अडला आणि म्हणाला, "मोठी बोअर असते, वरून उघडी." मला हे सुचले नसते. मी कोशातली व्याख्या दिली असती, आणि पोरगी झोपली असती.

पाच वर्षांच्या मुलीचा हेवा वाटावा, हे या वयात शोभत नाही. परंतु वाटला, तर तो लिहायचाही नाही काय?

फ्लॉरिडात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रांझेन यांनी गरीब वस्तीतल्या शाळांमधील मुलांना ओळीने तीन उन्हाळे प्रत्येकी बारा पुस्तके दिली होती. पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती, आणि ती मुले पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात सरस ठरली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मी सुट्टीपूर्वी वाचला तेव्हा बारा हा आकडा तेवढा लक्षात ठेवला होता. त्या प्रयोगात शेजारी बसून ऐकणाऱ्या आजोबांचा उल्लेख नाही. पुस्तके आणून देणाऱ्या माणसाची गरज मात्र त्यातही होती, आणि ती जागा अजून कोणी घेतलेली नाही.

तसे पाहिले तर माझी नेमणूक झालीही आहे. जेवताना ओजसने मागणी कळवली. अक्षर मोठे पाहिजे, नाहीतर तो अटकतो. चिनूला भूत पाहिजे, पण ते कोणाला खाणारे नको. राजा चालेल, मात्र त्याने शेवटी मरू नये. आणि गोष्ट दूध यायच्या वेळेपर्यंत पुरली पाहिजे, कारण त्यानंतर तिला घरी जावे लागते. उद्या ऊन चढायच्या आत सीताबर्डीला जाऊन यायचे आहे. न खाणारे भूत कोणत्या कपाटात ठेवले आहे, हे ग्रंथपाल बाईंना कोणत्या शब्दांत विचारावे, तेवढे ठरवायचे राहिले आहे.