तपकीर गल्लीचा पत्ता

आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत हॉस्टेलं, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या इतक्या, की सायबरच्या टेबलासमोर बहुतेक वेळा वीस-एकवीस वर्षांचं पोरगंच बसलेलं असतं. तक्रारीच्या आधी त्याचा एक प्रश्न ठरलेला, "मॅडम, घरी फोन जाणार नाही ना?"

हा अहमदपूरकडचा होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी जुना लॅपटॉप हवा होता. इन्स्टाग्रामवर एक पेज सापडलं, 18 हजारांत लॅपटॉप, वर सहा महिन्यांची वॉरंटी. दुकानाचा पत्ता बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचा.

"अरे, तपकीर गल्ली इथून पीएमटीने अर्ध्या तासावर. जाऊन का नाही बघितलंस?"

"मला वाटलं लांब असेल."

पुण्यात येऊन वर्ष झालेलं, पण कॉलेज, मेस, खोली आणि एसटी स्टँड, एवढंच त्याचं पुणे. इथल्या पोराने गाडी काढली असती आणि तासाभरात दुकान आहे की नाही ते बघून आला असता. ठगाला नेमकं हेच गिऱ्हाईक हवं असतं. पुण्यातल्या पुण्यात लॅपटॉप कुरिअरने कशाला पाठवतात, हा प्रश्नसुद्धा त्याला पडला नव्हता. आमचं काम ऑनलाइनच चालतं, माल गोदामातून निघतो, असं उत्तर मिळालं होतं.

मी मोबाइल घेतला आणि चॅट वर सरकवत गेले. आधी बुकिंगचे 1,500. मग जीएसटीचे 3,240, डिलिव्हरी झाल्यावर परत मिळणारे. अठरा हजारांवर अठरा टक्के, हिशेब कसा चोख! मग कुरिअरच्या विम्याचे 2,999, तेही परत मिळणारे. आणि त्या दिवशी सकाळी, डिलिव्हरीवाला गेटवर उभा आहे, पूर्ण पेमेंट झाल्याशिवाय पार्सल स्कॅन होत नाही, असं सांगून उरलेले 16,500. एकूण 24,239 रुपये. पोरगा गेटवर जाऊन उभा राहिला, तिथे वॉचमनशिवाय कुणी नव्हतं.

बिलही पाठवलं होतं. रंगीत, शिक्क्यासकट. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. बिलावर 07 होतं, म्हणजे दिल्ली. हे पोराला माहीत असावं अशी माझी अपेक्षा नाही. पण पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते तरी बघायचं. चार पेमेंटला तीन वेगवेगळी नावं, त्यातलं एक बाईचं. त्याने विचारलंही होतं. "अकाउंटंट मॅडम हैं," असं उत्तर आलं आणि त्याने पिन टाकला.

अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, ओटीपी सांगू नका, असे फलक आम्ही कॉलेजांत लावतो. या प्रकरणात ना लिंक होती ना ओटीपी. सगळे पैसे त्याने स्वतःच्या हाताने पाठवले होते. त्या फलकांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

मी युटीआरचे, म्हणजे प्रत्येक पेमेंटच्या व्यवहार क्रमांकाचे, बारा आकडे उतरवून घेत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तोच माणूस. मी खुणेनेच स्पीकर लावायला सांगितलं.

"भाई, पार्सल सिस्टम में अटक गया है. 4,999 डाल दो, सब मिलाके रिफंड आ जाएगा."

पोरगा माझ्याकडे बघत म्हणाला, "पैसे नाहीत."

"अरे, पापा को बोलो कॉलेज की फीस भरनी है. दे देंगे."

आवाज गोड होता, थोरल्या भावासारखा समजावणीचा. मी हात पुढे केला, तोवर पोराने घाबरून फोन कट केला.

1930 या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. आधीची तीन पेमेंट एटीएममधून कधीच निघून गेली होती. सकाळचे 16,500 पहिल्या खात्यातून दुसऱ्यात गेले होते. तिथे 11,200 शिल्लक सापडले, ते बँकेने धरले. तो त्याच दिवशी आला म्हणून एवढे तरी राहिले. बाकीची पोरं मित्राकडून उसने घेऊन मेसचं बिल भागवतात, घरच्यांपासून लपवतात आणि आठवड्याने येतात, तेव्हा खात्यात खडखडाट असतो.

घरी फोन मी लावायला लावला. वडील चांगले दहा मिनिटं कडाडले. मग म्हणाले, "म्याडमला दे." मी फोन घेतला. "म्याडम, त्याच्याजवळ आज जेवायला पैसे हायत का?"

धरलेली रक्कम मिळवायला तेव्हा कोर्टात अर्ज करावा लागत असे. तो कसा करायचा ते सांगून त्याला पाठवलं.

हे प्रकरण माझ्या लक्षात राहिलं ते पुढच्या आठवड्यात आलेल्या फोनमुळे. ज्या खात्यात 11,200 सापडले, त्याचा मालक बोलत होता. विदर्भातल्या एका कॉलेजचा विद्यार्थी, तोही हॉस्टेलवर राहणारा. खातं गोठल्यावर बँकेने त्याला तक्रारीचा क्रमांक आणि आमच्या ठाण्याचं नाव दिलं होतं. हॉस्टेलच्या एका सिनिअरने गेमिंगचे पैसे येतील म्हणून त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेतलं होतं. बदल्यात 3,000 रुपये.

तो मामाला घेऊन ठाण्यात आला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात कॉलेजच्या ओळखपत्राची झेरॉक्स. सिनिअरसोबतचं चॅट त्याने आपणहून दाखवलं. सिनिअर हॉस्टेल सोडून गेला होता, नंबर बंद.

"मॅडम, मी तर कुणाला काहीच विकलं नाही."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण खातं त्याचं, सिम त्याच्या नावावर, पैसेही त्याने घेतलेले. न्याय संहितेचं 318(4) आणि आयटी कायद्याचं 66 ड, ही फसवणुकीची कलमं लावताना खातं भाड्याने देणारा बाजूला काढता येत नाही. मामा मधेमधे "लेकरू आहे हो" म्हणत होते. अहमदपूरचं लेकरू त्याच खुर्चीत बसून गेलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

महाडीबीटीची शिष्यवृत्ती त्याच गोठलेल्या खात्यात येणार होती. खातं कधी सुटेल, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. दुसऱ्या बँकेत खातं काढ, आधार तिकडे जोडून घे, म्हणजे पुढचा हप्ता तरी हाती येईल, असं मी सांगितलं. मग नोटीस पुढे सरकवली. त्याने दोन्ही प्रतींवर सही केली आणि तारीख कुठली टाकू, म्हणून मामांना विचारलं.