साडेचार एकर तूर आणि ड्रोनवाल्या ताई

माझं वावर दारव्हा तालुक्यात. सोयाबीन निघालं की मागे तूर एकटी उरते, आणि नोव्हेंबरात ती अशी दाटते की आत शिरलेला माणूस दिसत नाही, नुसता फवारणीच्या पंपाचा आवाज येतो. यंदा फुलोऱ्यात अळी दिसली आणि फवारायला गडी मिळेना. मिळाला असता तरी डोक्यावरच्या तुरीत नोझल वर धरून मारलं की औषध अंगावरच येतं. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून दुसऱ्याच्या पोराला अशा तुरीत धाडायला मन धजत नाही.

म्हणून ड्रोननं फवारायचं ठरवलं. पहिला ड्रोनवाला रोज "उद्या येतो" म्हणायचा. त्यात आठ दिवस गेले. मग कृषी सहायकांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा नंबर दिला. नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला ड्रोनसाठी ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख मिळतात. तसा त्यांचा ड्रोन. पायलटचं प्रमाणपत्र आहे का विचारलं, तर लगेच फोटो पाठवला.

"साडेचार एकरासाठी गाडी आणणं परवडत नाही, भाऊ. दहा एकर जमवा, एकरी चारशेनं येते."

दहा एकर जमवण्यात माझी चप्पल झिजली. "दहा लिटर पाण्यात एकर भिजवते म्हणे! काऊन फेकून रायला बे?" हे मी तीन घरी ऐकलं. शेवटी एकाला म्हटलं, अळी नाही मेली तर तुझ्या वाट्याचे पैसे मी देतो. तो तयार झाला, मग त्याचा साळाही आला.

ताई सकाळी सातला आल्या, सोबत त्यांचे यजमान, बॅटऱ्या आणि जनरेटर. आधी रिमोट घेऊन धुऱ्यानं चालत वावराच्या हद्दी घेतल्या. आमचं घोडं अडलं ते औषधावर. आपला सगळा हिशोब पंपाचा. क्लोरँट्रानिलिप्रोल पंधरा लिटरच्या पंपाला साडेचार मिली, हे तोंडपाठ. शेजारी तेच माप ड्रोनच्या टाकीत ओतायला निघाला. ताईंनी हात धरला. "काकाजी, एकराला तुमचे तेरा-चौदा पंप लागतात ना? म्हणजे एकरी साठ मिली. औषध तितकंच, कमी होते ते फक्त पाणी." तसंच ओतलं असतं तर अळीनं ते सरबतासारखं पिऊन टाकलं असतं, आणि बदनाम झाला असता ड्रोन. पाणीही त्यांनी ड्रममधून फडक्यानं गाळून घेतलं. नोझल बारीक, कचरा आला की तुंबतं.

मग त्यांनी विचारलं, "पश्चिमेला काय आहे?" तिथे एकाची तुती आहे, रेशमाची. हे मला सुचायला हवं होतं. औषधाचे तुषार त्या पाल्यावर गेले आणि तो पाला रेशीमअळीला घातला तर त्याची अख्खी बॅच बसते. वारा पूर्वेचा होता, मंद असला तरी तिकडेच जाणारा. ताईंनी त्या बाजूचे तुरीचे दहा तास, म्हणजे दहा ओळी, सोडले. मला ते तेव्हा जड गेलं. पैसे पूर्ण एकराचे आणि फवारा अर्धवट, असं वाटलं.

प्रत्यक्ष उडणं म्हणाल तर एकराला आठ-दहा मिनिटं. दर फेरीला टाकी भरा, बॅटरी बदला. पोरं व्हिडिओ काढत होती. मी आधीच काही झाडांना वर आणि मध्यावर कागदाचे तुकडे टाचले होते. वरचे थेंबांनी भरले, मधले विरळ. तुरीत फुलं-शेंगा शेंड्याकडे असतात म्हणून चाललं. पानाखालच्या पांढऱ्या माशीसाठी कपाशीत मी एवढ्या भरवशानं बोलावणार नाही.

साडेनवाला वारा वाढला. ताईंनी ड्रोन उतरवला आणि माझ्या शेजाऱ्याचा दीड एकर दुसऱ्या दिवशी केला. तो कुरकुरला, पण थांबला.

चौथ्या दिवशी तुरीखाली पोतं अंथरून झाडं हलवली. फवारलेल्या भागात अळ्या पडल्या त्या मेलेल्या, एखादीच वळवळत होती. विजेच्या तारेखालचा पट्टा ड्रोननं घेतला नव्हता, तिथे मात्र पोत्यावर दहा-बारा जिवंत. त्या पट्ट्यासाठी आणि तुतीकडच्या तासांसाठी मी घरचा पंप काढला. तुतीकडे निंबोळी अर्क मारायचं ठरवलं, तेही वारा पडल्यावर. पंपाचा पट्टा उंदरानं कुरतडलेला निघाला, तो सुतळीनं बांधला.